62 किलोहर्ट्झचे भूत

जानेवारी 2025 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात युरोपातल्या नॉक्ट्यूल वटवाघळांच्या स्थलांतरावर संशोधन प्रसिद्ध झाले. माद्यांच्या पाठीवर त्यांचा ठावठिकाणा कळवणारे 1.2 ग्रॅमचे प्रक्षेपक चिकटवले होते. वादळापुढचा उबदार वारा पाठीशी घेऊन काही माद्यांनी एका रात्रीत जवळपास 400 किलोमीटर अंतर कापले. मग सोलापूरची वटवाघळे कुठे जातात, हा प्रश्न ओघानेच येतो. पण त्याच्या आधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो: ती आत्ता कुठे आहेत?

प्रक्षेपक लावून हे कळेल असे वाटते, पण इथे वजन आडवे येते. प्राण्याच्या अंगावर त्याच्या वजनाच्या 5 टक्क्यांहून जास्त ओझे लादू नये, असा अभ्यासकांचा दंडक आहे. नॉक्ट्यूल पंचवीस-तीस ग्रॅमचे, त्याला 1.2 ग्रॅम कसेबसे पेलते. सिद्धेश्वर तलावावर दिवेलागणीला भिरभिरणारी पाकोळी, म्हणजे छोटे कीटकभक्षी वटवाघूळ, जेमतेम पाच ग्रॅमची, दोन रुपयांच्या नाण्याएवढी. तिला पाव ग्रॅमच झेपेल. चिंचेवर उलटे लटकणारे मोठे फळखाऊ वटवाघूळ किलोभराचे असते, त्याला असे यंत्र सहज पेलते. बाकीच्यांचा माग काढायचा तर त्यांचे ओरडणे ऐकणे हा सोपा मार्ग.

कीटकभक्षी वटवाघळे उडताना सतत ओरडतात आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतात. आवाज आपल्या कानाच्या मर्यादेपलीकडचा, म्हणजे बहुतेक 20 किलोहर्ट्झच्या (सेकंदाला 20,000 कंपनांच्या) वरचा. पाकोळ्यांचा साधारण 40 ते 50 च्या घरात, तर पडक्या वाड्यांत आणि विहिरींत राहणाऱ्या पर्णनासिक (पानासारख्या नाकाच्या) वटवाघळांपैकी काहींचा 130 च्या आसपास. (मोठी फळखाऊ वटवाघळे प्रतिध्वनी वापरत नाहीत. ती संध्याकाळी झाडावरून निघताना डोळ्यांनी मोजावी लागतात. त्यांच्यासाठी मायक्रोफोन टांगणे व्यर्थ.)

या कामात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ध्वनीचे नमुने घेण्याचा वेग. ध्वनिमुद्रक आवाज अखंड साठवत नाही. सेकंदाला ठरावीक वेळा तो हवेचा दाब मोजतो. मोबाइलचा मुद्रक सहसा सेकंदाला 48,000 वेळा मोजतो. एक कंपन ओळखायला किमान दोन मोजण्या लागतात, म्हणून त्याची मजल 24 किलोहर्ट्झला संपते. वटवाघळांसाठीची यंत्रे 192, 250 किंवा 384 किलोहर्ट्झ वेगाने मोजतात. 384 ठेवला तर 192 पर्यंतचे सगळे पकडता येते. पण दर सेकंदाला 768 किलोबाइट, म्हणजे तासाला पावणेतीन जीबी जागा लागते. बारा तासांच्या रात्रीला 33 जीबी झाले. 64 जीबीचे कार्ड दोन रात्रीही पुरत नाही. मग कोणीतरी काटकसर म्हणून वेग 192 वर आणतो आणि तिथेच घोटाळा होतो.

192 च्या वेगाची मर्यादा 96. त्यापलीकडचा आवाज नोंदला गेला नाही एवढेच झाले असते, तर नुकसान मर्यादित होते. पण मायक्रोफोनमागे असा आवाज अडवणारी योग्य गाळणी नसेल तर तो आवाज दुमडून खाली येतो. यंत्रमागाचे गरगर फिरणारे चाक मोबाइलवर चित्रित करून पाहा: चित्रात ते संथ, कधी चक्क उलटे फिरताना दिसते. चाक उलटे फिरत नसते. दोन चित्रांच्या मधल्या वेळात ते जवळजवळ पूर्ण फेरी मारते आणि आपण उरलेला फरक तेवढा पाहतो. ध्वनीचेही असेच होते. 192 मधून 130 वजा करा: 62. पर्णनासिकाची हाक आवाजाच्या आलेखावर 62 किलोहर्ट्झला उमटते. त्या जागी तसा आवाज काढणारे वटवाघूळ नसतेच. पण वहीत एक नवी जात चढते, वहीतून नकाशावर जाते आणि भूत कायमचे राहायला येते.

ओळखायचे कसे? पर्णनासिकाची हाक बराच वेळ एका सुरात राहते आणि शेवटी झपकन खाली उतरते, 130 वरून समजा 110 पर्यंत. दुमडल्यावर 110 चे 82 होतात. म्हणजे हाकेचे शेपूट 62 वरून 82 कडे वर चढते. आलेखात शेपूट वर वळलेले दिसले की आधी यंत्राचा वेग तपासावा, मग जातीचे नाव लिहावे. हाकेला आपोआप नाव देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींवरही डोळे मिटून भरवसा ठेवू नये. युरोपातल्या आवाजांवर शिकलेली प्रणाली नान्नजच्या माळरानावरच्या पाकोळीलाही युरोपातलेच नाव देणार. तिला दुसरे येत नाही.

दुसरा गोंधळ अंतराचा. 30 किलोहर्ट्झचा आवाज हवेत मीटरमागे साधारण एक डेसिबल गमावतो, 130 चा चार-पाच. त्यामुळे पहिला तीस-चाळीस मीटरवरून मिळतो, दुसरा दहाएक मीटरच्या पुढे बहुधा नाही. मोठ्या कानांचे मांसभक्षी वटवाघूळ तर मुळातच कुजबुजते. एकाच खांबावरच्या एकाच मायक्रोफोनने मोजलेल्या संख्या म्हणूनच जातीजातींत तोलता येत नाहीत. मायक्रोफोन बांबूवर दोन-तीन मीटर उंच, भिंतीपासून दूर ठेवावा आणि सूर्यास्ताआधी अर्धा तास सुरू करावा. पावसाळा सरताना झुडपांतले किडे श्राव्यातीत किरकिर करून कार्ड भरून टाकतात. अशा वेळी जागा बदलावी. मायक्रोफोनचा पडदा भिजला की संवेदनशीलता घटते, म्हणून दर रात्री एकाच ठरावीक सुराने तो तपासून घ्यावा.

आणि हाक आलीच नाही तर? समजा एखादी जात तिथे राहते आणि एका रात्री ती सापडण्याची शक्यता 30 टक्के आहे. तीन रात्री ऐकूनही ती निसटण्याची शक्यता 0.7 चा घन, म्हणजे 34 टक्के उरते. आठ रात्री ऐकले तर ती 6 टक्क्यांच्या खाली येते. जातींच्या प्रसाराचे नकाशे संगणकावर बनतात तेव्हा ही ‘नाही’ची किंमत सहसा विसरली जाते. नोंदी रस्त्यालगत, किल्ल्याजवळ, शहराभोवती दाटलेल्या असतात आणि नकाशा बनवणारे संगणकी प्रतिमान वटवाघळांचे अधिवास शिकण्याऐवजी अभ्यासकांच्या मोटारसायकलींचे रस्ते शिकते.

घरात पाकोळी शिरली की अपशकुन, ती केसांत अडकते, वटवाघळाच्या तेलाने सांधे मोकळे होतात, असल्या समजुतींत तथ्य नाही. 2021 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याची बातमी आली. अशा बातमीनंतर ढोली पेटवून देणे किंवा झाड तोडणे उलट धोक्याचे: हुसकावलेले वटवाघूळ नव्या वस्तीजवळ जाऊन बसते. त्यांना हातात धरू नये आणि अर्धवट खाल्लेले फळ खाऊ नये, एवढे पाळले तरी पुरे.

आता स्थलांतराकडे. लॅटव्हियात ओळखीची कडी घातलेले एक चिमुकले वटवाघूळ 2,224 किलोमीटर दूर स्पेनमध्ये सापडले, म्हणजे लहान अंग ही अडचण नव्हे. पण सोलापुरात डिसेंबरमध्ये मायक्रोफोन गप्प झाला म्हणून वटवाघळे उडून गेली, असे लगेच म्हणता येत नाही. उंदरासारख्या लांब शेपटीचे, कोरड्या मुलखात पडक्या इमारतींत राहणारे वटवाघूळ थंडीआधी शेपटीच्या बुडाशी चरबी साठवते आणि थंडीत जडावून पडून राहते. बाहेरून शांतता दोन्ही वेळा सारखीच. फरक कळायला दिवसा त्यांच्या वस्तीच्या जागी जावे लागते: मंद लाल दिवा, पाच मिनिटांहून जास्त थांबायचे नाही, फ्लॅश अजिबात नको. जडावलेले वटवाघूळ जागे झाले तर साठवलेली चरबी फुकट जळते. भिंतीवर ते लटकलेले दिसले, तर वहीत ‘गेली’ लिहायचे नाही.