दडलेला एकाकीपणा (हॅरी पॉटर कथामालिका)

हॅरी पॉटर या सात भागांच्या इंग्रजी कथामालिकेतील (१९९७–२००७) बरीच पात्रे आपला एकटेपणा तोंडाने सांगत नाहीत. एखाद्या सवयीतून किंवा जपून ठेवलेल्या क्षुल्लक वस्तूतून तो वाचकाला उमगतो. हॅरीचे पोरकेपण यात मोडत नाही. आईवडील गेलेले, मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात झोपणारा हा मुलगा एकटा आहे, हे सुरुवातीलाच उघड असते.

त्याचा वर्गमित्र नेव्हिल लाँगबॉटम याचे तसे नाही. विसरभोळा, धांदरट म्हणून त्याची चेष्टा होते. दुष्ट जादूगारांच्या छळाने त्याचे आईवडील भ्रमिष्ट होऊन इस्पितळात आहेत. त्याला आजीने वाढवले आहे. चार वर्षे एका खोलीत झोपूनही ‘तू आजीकडे का राहतोस?’ एवढे हॅरीने त्याला कधी विचारलेले नसते. पाचव्या भागात नाताळच्या सुट्टीत दोघांची इस्पितळात गाठ पडते. नेव्हिलची आई पुढे येते आणि त्याच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद ठेवते. असे ढीगभर कागद तिने आजवर दिलेत, टाक तो टोपलीत, असे आजी म्हणते. नेव्हिल तो हळूच खिशात सरकवतो. साऱ्या मालिकेत इतका मुका आणि इतका खोल प्रसंग दुसरा नाही.

सातारा जिल्ह्यात ही कथा वाचताना बोर्डिंग आठवल्याशिवाय राहत नाही. पाचगणीच्या निवासी शाळा, साताऱ्याची सैनिक शाळा (१९६१) आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सुरू केलेले शाहू बोर्डिंग हाउस यांमुळे घरापासून दूर शिकणारी मुले इथे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली आहेत. दिवाळीची सुट्टी लागली, ट्रंका बाहेर निघाल्या, की कोणाला न्यायला कोणी येणार नाही हे सगळ्यांना कळते. हॅरीच्या हॉगवर्ट्स या जादूच्या निवासी शाळेत नाताळला मागे कोण राहणार, त्यांची नावे लिहून घेतात. हॅरी आपले नाव लगेच देतो. त्या नाताळला त्याला त्याचा मित्र रॉन याच्या आईने विणलेला स्वेटर मिळतो, तिची त्याची जेमतेम तोंडओळख असताना. साताऱ्याच्या वाचकाला इथे कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील आठवाव्यात. बोर्डिंगमधल्या जातिजातींच्या मुलांना त्यांनी रांधून घातले, आणि त्यांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले.

असा स्वेटर टॉम रिडलच्या वाट्याला आला नाही. अनाथालयात वाढलेला हा मुलगा उन्हाळी सुट्टीत शाळेतच राहू द्या, अशी मुख्याध्यापकांना विनवणी करतो, आणि ती नाकारली जाते. पुढे तोच मालिकेचा खलनायक व्हॉल्डेमॉर्ट होतो. हॅरी, शाळेतले शिक्षक स्नेप आणि तो, तिघांनाही घर असे पहिल्यांदा या शाळेतच लाभले, हे शेवटच्या भागात हॅरीच्या ध्यानात येते. रिडलच्या क्रौर्याला याने माफी मिळत नाही. लेखिकेनेही ती दिलेली नाही.

शाळेच्या आवाराचा राखणदार हॅग्रिड याचा एकटेपणा त्याच्या प्राणिप्रेमात दडलेला आहे. वडील वारलेले, तिसऱ्या वर्षी शाळेतून काढलेला, जंगलाच्या कडेला झोपडीत राहणारा हा धिप्पाड माणूस अंड्यातून निघालेल्या ड्रॅगनच्या पिल्लाला आपण त्याची आई असल्यासारखा बोलतो. मुले हसतात, वाचकही हसतो.

हॅरीची शाळेतली मैत्रीण लूना लव्हगुड सर्वांत शांत. नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. शाळेत मुले तिच्या वस्तू लपवतात. ती तक्रार न करता त्या परत मागणारी चिठ्ठी भिंतीवर लावते. हॅरीने चालवलेल्या गुप्त वर्गाबद्दल ती सहाव्या भागात सांगते, की तिथे मैत्रिणी-मित्र असल्यासारखे वाटायचे. सातव्या भागात हॅरी तिच्या खोलीत जातो. छतावर तिने पाच चेहरे रंगवलेले आहेत: हॅरी, रॉन, हर्मायनी, जिनी, नेव्हिल. त्यांना गुंफणारी सोनेरी साखळी जवळून पाहिली, तर ‘मित्र’ हा एकच शब्द हजार वेळा लिहिलेला दिसतो. मग त्याची नजर खाली जाते. गालिच्यावर धूळ आहे, कपाटात कपडे नाहीत, आणि बिछान्यावर कित्येक दिवसांत कोणी झोपलेले नाही.