बोलावणारा कोण? वैद्यकीय संशोधकांच्या अमेरिकी व्हिसाची पार्श्वभूमी

खान्देशातल्या एखाद्या घरातील मुलीला अमेरिकेत एखाद्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम मिळाले, की गावात ‘तिला व्हिसा मिळाला’ असे म्हटले जाते. बोलण्याच्या सोयीसाठी हे ठीक आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र या वाक्यातला कर्ता वेगळाच असतो. पदवीधर व्यावसायिकांसाठीचा एच-१बी असो की असाधारण गुणवत्तेच्या लोकांसाठीचा ओ-१, या तात्पुरत्या कामाच्या व्हिसांसाठी अमेरिकी सरकारकडे अर्ज करते ती तिथली संस्था. त्या अर्जावर अर्जदार म्हणून विद्यापीठाचे किंवा रुग्णालयाचे नाव असते आणि संशोधकाचा उल्लेख ‘लाभार्थी’ असा होतो. पहिली मंजुरी संस्थेच्या अर्जाला मिळते आणि त्यानंतरच जळगाव-धुळ्याचा उमेदवार मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला उभा राहतो. नोकरी देणाऱ्याने बोलावल्याशिवाय दार उघडायचे नाही, ही रचना आज इतकी अंगवळणी पडली आहे की एके काळी नेमके याच्या उलट होते, हे सांगितल्यास आश्चर्य वाटते.

१८८५ साली अमेरिकी संसदेने परदेशी कंत्राटी मजुरांविरुद्ध एक कायदा केला. आधी करार करून, प्रवासखर्च देऊन परदेशातून कामगार आणणे हा त्या कायद्याने मालकाचा गुन्हा ठरला, कारण कारखानदार स्वस्त मजूर आणून स्थानिकांची मजुरी पाडतात, अशी तिथल्या कामगार संघटनांची तक्रार होती. नट, कलावंत, व्याख्याते, गायक आणि घरगुती नोकर यांना मूळ कायद्यातच सूट होती; १८९१ च्या दुरुस्तीने धर्मोपदेशक, महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि मान्यताप्राप्त व्यवसायांतील माणसे त्यात आली. विद्वानाला नोकरीवर बोलावणे गैर नाही, हे तत्त्व कायद्यात शिरले ते असे अपवादाच्या फटीतून.

भारतीयांसाठी ती फटही लवकरच अरुंद झाली. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग प्रवेशबंदीच्या पट्ट्यात टाकला. डॉक्टर, रसायनतज्ज्ञ, शिक्षक आणि विद्यार्थी यांना वगळले होते खरे, पण १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला. याच सुमारास आंध्रातून बोस्टनला गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करत होते. पुढे १९४० पासून लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली कर्करोगावरचे मेथोट्रेक्सेट घडले आणि हत्तीरोगावरचे डायइथिलकार्बामाझिनही. आपल्याकडे आरोग्यसेवक मोहिमेत घरोघर जी ‘डीईसी’ची गोळी समोर उभे राहून गिळायला लावतात, ती हीच. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा केला आणि वर्षाला शंभर जणांचा कोटाही दिला; सुब्बाराव मात्र १९४८ मध्ये वारले ते परकीय म्हणूनच. असाधारण संशोधकाची व्याख्या कशी असावी यावर नंतर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्यासमोर हे एक उदाहरण ठेवले की पुरे.

आजच्या व्यवस्थेची मुळे १९५२ च्या कायद्यात आहेत. त्याने कंत्राटी मजुरांवरील जुनी बंदी उठवली आणि एच-१ नावाचा तात्पुरता प्रवर्ग निर्माण केला. तो होता ‘विशेष गुणवत्ता आणि क्षमता’ असलेल्या परकीयांसाठी, आणि त्यात दोन अटी एकात एक गुंतलेल्या होत्या : माणूस असामान्य हवा आणि ज्या कामासाठी तो येतो ते कामही असामान्य व तात्पुरते हवे. विद्यापीठांची यात पंचाईत होत असे, कारण प्राध्यापकाची जागा कायमची असते आणि तिच्यावर तात्पुरता माणूस आणायचा तर जागाही तात्पुरती असल्याचे दाखवावे लागे. १९७० च्या दुरुस्तीने काम तात्पुरते असण्याची अट काढली. माणूस तात्पुरता आला म्हणजे झाले, मग जागा कायमची असली तरी चालेल.

यानंतर हळूहळू जे घडले ते कोणत्याही एका कायद्याने घडले नाही. इमिग्रेशन खात्याने आपल्या निर्णयांतून ‘विशेष गुणवत्ता’ या शब्दांचा अर्थ सैल करत नेला आणि पदवीची गरज असलेल्या व्यवसायातला कोणीही पदवीधर त्यात बसू लागला. नोबेलच्या तोडीचा शास्त्रज्ञ आणि नुकताच बाहेर पडलेला अभियंता एकाच रांगेत आले. माझ्या मते या विषयाचा सगळा पुढचा इतिहास या सैलपणाला दिलेले उत्तर आहे.

डॉक्टरांच्या बाबतीत मात्र दोर उलट दिशेने आवळला गेला. १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्याची वर्णभेदी पद्धत मोडली आणि व्यावसायिकांना प्राधान्य दिले. त्या लाटेत भारतातून हजारो डॉक्टर गेले. अकरा वर्षांनी, १९७६ मध्ये, आपल्या देशात आता डॉक्टरांचा तुटवडा उरलेला नाही असे अमेरिकी संसदेने चक्क कायद्यात लिहिले आणि परदेशी वैद्यकीय पदवीधरांवर परीक्षेची कडक अट घातली. एच-१ वर रुग्णसेवेसाठी येणे त्यांना बंद झाले. एक दार तेवढे उघडे राहिले : सार्वजनिक किंवा ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या शैक्षणिक वा संशोधन संस्थेने अध्यापन किंवा संशोधनासाठी बोलावले तर. वैद्यकीय संशोधक हा डॉक्टरांपासून वेगळा कायदेशीर प्राणी म्हणून जन्माला आला तो इथे. हा भेद आजही टिकून आहे; या मार्गाने एच-१बी वर गेलेल्या एमडी पदवीधराला रुग्णाला हात लावता येतो तो संशोधनाला किंवा शिकवण्याला आनुषंगिक असेल तेवढाच. धुळ्याच्या शासकीय महाविद्यालयात बाह्यरुग्ण विभागात दिवसाला शंभर रुग्ण पाहिलेल्या माणसाला ही अट जड वाटत असणार.

२९ नोव्हेंबर १९९० रोजी थोरल्या जॉर्ज बुश यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने जुन्या एच-१ ची फाळणी केली. पदवीधर व्यावसायिकांसाठी एच-१बी आला आणि त्यावर वर्षाला ६५,००० ची मर्यादा बसली. खरोखरच्या गुणवंतांसाठी ओ-१ हा नवा प्रवर्ग निघाला, त्यावर संख्येची मर्यादा नाही. विज्ञानात ओ-१ मिळवायचा तर उमेदवार आपल्या क्षेत्राच्या अगदी शिखरावर पोहोचलेल्या मोजक्या लोकांपैकी आहे हे दाखवावे लागते. नोबेलसारखा पुरस्कार असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर आठ निकषांपैकी किमान तीन भरावे लागतात. पुरस्कार, निवडक संस्थांचे सभासदत्व, स्वतःच्या कामाविषयी छापून आलेला मजकूर, इतरांच्या संशोधनाचे परीक्षण, मोलाचे मूळ संशोधन, शोधनिबंध, नामांकित संस्थेतील महत्त्वाची भूमिका आणि मोठा पगार असे ते निकष आहेत. शिवाय समव्यावसायिकांचे सल्लापत्र जोडावे लागते.

आता समजा, नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुवा भागात भिल्ल आणि पावरा समाजांतील सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम केलेला एखादा संशोधक आहे. त्याने पाड्यापाड्यावर जाऊन रक्ताचे नमुने घेतले, कुटुंबांचे समुपदेशन केले, यासाठी अर्जात वेगळा रकाना नाही. ते काम ‘मोलाचे योगदान’ म्हणून मोजले जाते ते दुसऱ्या देशातील तज्ज्ञाने पत्रात तसे समजावून सांगितले आणि त्याच्या निबंधांचा इतरांनी आधार घेतला, तर. निकष अन्यायाचे आहेत असे मी म्हणणार नाही, पण ते आखले गेले ते प्रयोगशाळा आणि नियतकालिके डोळ्यांसमोर ठेवून, हे उघड दिसते.

ओ-१ कितीही मानाचा असला तरी संशोधक स्वतःच्या नावाने तो मागू शकत नाही. अर्ज नियोक्त्याने किंवा अमेरिकेतील प्रतिनिधीने करायचा. पहिली मुदत तीन वर्षांपर्यंतची असते, तेच काम पुढे चालू ठेवायचे तर एकेका वर्षाची वाढ मिळते. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे साल संपते आणि नव्या सालाची बोली होते, त्याची इथे आठवण येते. तुलना पुरती जुळत नाही, कारण मुदतीआधी संस्थेने काढून टाकले तर परतीचा खर्च संस्थेच्या माथी असतो, आणि २०१७ पासून नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलतही आहे. नवा नियोक्ता मिळाला तर त्याने नव्याने अर्ज करायचा. सालदाराला गावातच दुसरा मालक पाहता येतो. इथे साठ दिवसांत दुसरी प्रयोगशाळा शोधायची असते.

१९९० च्याच कायद्याने कायम वास्तव्यासाठीही, म्हणजे ग्रीन कार्डसाठी, संशोधकांना वेगळी पायरी दिली. ईबी-१ या नोकरीवर आधारित पहिल्या प्राधान्याच्या प्रवर्गातील ‘उत्कृष्ट प्राध्यापक आणि संशोधक’ या उपप्रवर्गात तीन वर्षांचा अनुभव, सहापैकी दोन निकष आणि नियोक्त्याचा कायम स्वरूपाचा प्रस्ताव लागतो; खासगी कंपनी असेल तर तिच्याकडे किमान तीन पूर्णवेळ संशोधक असले पाहिजेत. ‘असाधारण क्षमता’ असणाऱ्याला मात्र नियोक्त्याशिवाय स्वतः अर्ज करता येतो. असा अर्ज मंजूर झाला तरी ग्रीन कार्ड लगेच हाती येत नाही, कारण नोकरीवर आधारित वर्षाच्या सुमारे १,४०,००० जागांत कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांचीच मर्यादा आहे आणि देश मोजला जातो तो जन्मस्थानावरून. भुसावळला जन्मलेल्याने पुढे कॅनडाचे नागरिकत्व घेतले तरी तो भारताच्याच रांगेत उभा राहतो.

२००० सालच्या कायद्याने विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था आणि ना-नफा किंवा सरकारी संशोधन संस्था यांना एच-१बी च्या मर्यादेतून वगळले. मर्यादेपेक्षा जास्त अर्ज आल्यामुळे निघणाऱ्या सोडतीकडे माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे उमेदवार डोळे लावून बसत, तेव्हा शिरपूरहून फार्मसी करून पुढे पीएचडी झालेल्या पोस्टडॉकसाठी विद्यापीठ वर्षात केव्हाही अर्ज करू शकत असे. जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर गेलेल्यांपैकी ज्यांना दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट लागू होते, त्यांना ती पूर्ण केल्याशिवाय किंवा माफ करून घेतल्याशिवाय एच-१बी मिळत नाही. ओ-१ ला ही अट आड येत नाही, फक्त व्हिसा अमेरिकेबाहेरच्या वकिलातीतून घ्यावा लागतो. अनेक वैद्यकीय संशोधक ओ-१ कडे वळतात त्यामागे कीर्तीइतकेच हेही कारण असते.

१९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय घोषणेने परदेशात असलेल्या उमेदवारांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली. घोषणा बारा महिन्यांसाठी होती आणि तिला न्यायालयांत आव्हान दिले गेले. मर्यादेतून सुटलेल्या विद्यापीठांनाही ती सरसकट सुटलेली नव्हती. ओ-१ मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिला. रक्कम भरायची ती अर्जदाराने, म्हणजे संस्थेने. त्यामुळे निवड समितीसमोर सारख्याच गुणवत्तेचे दोन अर्ज आले, एक बोस्टनमध्ये आधीच शिकत असलेल्याचा आणि दुसरा जळगावात बसून पाठवलेला, तर दुसऱ्यासाठी आधी विचारला जाणारा प्रश्न असा असतो : याला ओ-१ मध्ये बसवता येईल का?