तोंड, जबडा, चेहरा आणि मानेचे आजार: नागपुरातले दवाखाने आणि रेफर होण्याची वाट

तोंड, जबडा, चेहरा आणि मान या भागातल्या आजारांवर नागपुरात कुठं आणि कसे उपचार होतात आणि पेशंट एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे कसा पाठवला जातो, त्याची ही नोंद. या भागाची मोठी अडचण अशी की तो कुण्या एका डॉक्टरचा नाही. दात दुखले तर डेंटल, घसा बसला तर ईएनटी, मानेत गाठ आली तर सर्जरी, गाल फाटला तर प्लास्टिक सर्जरी, चेहऱ्याची नस दुखली तर न्यूरो, आणि गाठ कॅन्सरची निघाली तर अजून वेगळा दवाखाना. या सगळ्यांच्या मधोमध जो डॉक्टर बसतो तो ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन, म्हणजे तोंड-जबडा-चेहऱ्याचा सर्जन, दातांची बीडीएस पदवी झाल्यावर तीन वर्षं याच विषयात एमडीएस केलेला, पण तो दातांच्या कॉलेजात बसत असल्यामुळं जबडा तुटला तर तिकडं जायचं असतं हे बऱ्याच लोकांच्या डोक्यातच येत नाही. नागपुरात दवाखाने कमी नाहीत. वेळ जातो तो एका गेटातून निघून दुसऱ्या गेटात पोचण्यात, आणि तोंडाच्या कॅन्सरसारख्या आजारात हाच वेळ सगळ्यात महाग पडतो.

कुठं काय आहे

लोक ज्याला नुसतं "मेडिकल" म्हणतात ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, १९४७ पासूनचं. त्याच आवारात "डेंटल", म्हणजे शासकीय दंत महाविद्यालय, १९६८ सालचं. हे दोन शेजारी असणं ही पेशंटसाठी फार सोयीची गोष्ट आहे, कारण जबड्याच्या पेशंटला भूल, आयसीयू, सीटी स्कॅन हे सगळं मेडिकलचंच लागतं. रेल्वे स्टेशनच्या बाजूला "मेयो", म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथं ईएनटी आणि सर्जरी दोन्ही. कॅन्सरसाठी तुकडोजी पुतळ्याजवळचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, वर्धा रोडवर जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, आणि मिहानमधलं एम्स, जे २०१८ मध्ये सुरू झालं. हिंगणा रोडला डिगडोह आणि वानाडोंगरीला खाजगी दंत महाविद्यालयं आहेत, आणि वर्ध्याकडच्या लोकांना सेवाग्राम नाहीतर सावंगी जवळ पडतं.

नागपुरात येणारा पेशंट फक्त शहरातला नसतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ तर आहेच, पण मध्यप्रदेशातून छिंदवाडा, सिवनी, बालाघाट आणि छत्तीसगडातून राजनांदगावचेही लोक येतात. त्यांच्या हातात बहुतेक वेळा एक छोटी चिठ्ठी असते, नाहीतर नुसता तोंडी निरोप, "डाक्टरनं सांगतलं मेडिकलले ने". मेडिकलमध्ये नेमकं कुठं, हे कोणी सांगितलेलं नसतं.

खर्रा आणि न उघडणारं तोंड

विदर्भातली नोंद खर्ऱ्याशिवाय पूर्ण होत नाही. भरड सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरून ठेवायचा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण घोटलेला खर्रा पोरांच्या खिशात दिसतोच. त्यातल्या तंबाखूची भीती सगळ्यांना आहे, सुपारीची कोणालाच नाही, आणि चूक इथंच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीतलं अरेकोलिन आणि तांबं यांच्यामुळं गालाच्या आतल्या कातडीखाली कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचे दोरे जमत जातात आणि ते विरघळेनासे होतात. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, ओपीडीत "ओएसएमएफ".

सुरुवातीला फक्त तिखट झोंबतं. सावजीचा रस्सा आरामात खाणारा माणूस साध्या वरणालाही पाणी मागायला लागतो. मग गाल आतून पांढरट, बोट फिरवलं तर दोरीसारखा लागतो, शिटी वाजवता येत नाही, गाल फुगवता येत नाहीत. साधारण माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. दोनच जात असतील तर डेंटलला दाखवायचं, एकच जात असेल तर आधीच उशीर झालाय असं समजायचं. झालेले दोरे पूर्ण जात नाहीत, हे पेशंटला स्पष्ट सांगावं लागतं. खर्रा बंद, इंजेक्शन, तोंडाचा व्यायाम, आणि तोंड फारच कमी उघडत असेल तर ऑपरेशन करून दोरे कापतात आणि त्या जागी बहुतेक वेळा गालातल्याच चरबीचा तुकडा बसवतात. केरळमधल्या अशा ६६ पेशंटवर १७ वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यातल्या ५ जणांना कॅन्सर झाला, हा अभ्यास १९८५ मध्ये छापून आलाय. म्हणून तोंड उघडत नसलेल्या पेशंटला दर काही महिन्यांनी बोलावतात, त्याला कंटाळा आला तरी बोलावतात.

दोन आठवड्यांचा नियम

तोंडातला छाला दोन आठवड्यांत भरला नाही तर तो दाखवायचा. टोकदार दात घासून गुळगुळीत केला आणि त्यानंतरही दोन आठवड्यांत भरला नाही तर तुकडा तपासायचा, म्हणजे बायोप्सी. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, आणि त्याहून जास्त धोक्याचा लाल मखमली चट्टा, मानेत न दुखणारी गाठ, विनाकारण हलायला लागलेला दात, खालचा ओठ बधिर होणं, तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज, यांपैकी काहीही असलं तर मलम लावत बसायचं नाही. माझ्या घरातल्याच एका माणसाच्या गालातल्या छाल्यावर चार महिने मलम आणि बी कॉम्प्लेक्स चाललं, दात लागतोय म्हणून दात काढला, मग दुसरा काढला, आणि बायोप्सी झाली तेव्हा मानेत गाठ उतरलेली होती. त्या चार महिन्यांत कोणीही "एकदा डेंटलला दाखवा" एवढं लिहून दिलं असतं तर ऑपरेशन लहान झालं असतं, याचं दुःख आजही जात नाही.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती गावोगाव आहे आणि ती खोटी आहे. तोंडातल्या जखमेच्या कडेचा छोटा तुकडा बधिर करून काढतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. मानेतल्या गाठीला मात्र आधी बारीक सुई, म्हणजे एफएनएसी, आणि आधी तोंड-घसा आतून नीट बघून घ्यायचं, सरळ चिरून गाठ काढायची नाही, कारण मूळ जागा तोंडात असेल तर नंतरचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

पेशंट नेहमी विचारतो, मानेत गाठ लागत नाही तर मान कशाला कापता. याचं उत्तर भारतातूनच आलंय. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरवर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्याच ऑपरेशनला मानेतल्या हाताला न लागणाऱ्या लसीका ग्रंथीही काढलेल्या पेशंटपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, आणि गाठ दिसेपर्यंत वाट बघितली त्यांच्यातले ६७.५ टक्के. जबड्याचं हाड काढावं लागलं तर पायातल्या फिब्युला हाडाचा तुकडा रक्तवाहिन्यांसकट आणून जोडतात, ते जमत नसेल तर छातीचा स्नायू वर फिरवून घेतात. शेक, म्हणजे रेडिएशन, लागणार असेल तर ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं आणि पुढं सहाएक आठवडे चालतं.

इथं एक रेफरल फार वेळा राहून जातं. शेक सुरू होण्याआधी पेशंटनं दातांच्या डॉक्टरकडे जायचं असतं. खराब दात दहा-पंधरा दिवस आधी काढून जखम भरू द्यायची. शेक झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं आणि ते वर्षानुवर्षं भरत नाही. कॅन्सरच्या दवाखान्यातून डेंटलला एक चिठ्ठी, एवढंच लागतं.

गालगुंड, गलगंड आणि गंडमाळा

आपल्या भाषेत हे तीन शब्द इतके जवळचे आहेत की चुकीच्या रांगेत उभं राहायला तेवढंही पुरतं. गालगुंड म्हणजे गालफुगी, मुलांना होणारा व्हायरसचा आजार, कानाखालची लाळेची ग्रंथी सुजते, बालरोगवाल्याकडे जायचं. गलगंड म्हणजे गळ्याच्या पुढं थायरॉइड वाढणं, घोट गिळला की गाठ वर-खाली होते, ते सर्जरी नाहीतर ईएनटीचं. गंडमाळा म्हणजे मानेच्या बाजूला माळेसारख्या गाठी, बहुतेक वेळा टीबी, सुईनं पाणी काढून जीन एक्स्पर्ट या टीबीच्या तपासणीला पाठवतात आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. जेवताना जबड्याखाली सूज येते आणि तासाभरात उतरते, तर तो लाळेच्या नळीतला खडा, त्याला ओरल सर्जन किंवा ईएनटी.

ताबडतोब न्यायची माणसं

दाढेच्या किडीतून जबड्याखाली दोन्ही बाजूंना दगडासारखी सूज, जीभ वर उचललेली, लाळ गिळता येत नाही, आवाज घोगरा: याला लुडविग अँजायना म्हणतात, १८३६ मध्ये जर्मन डॉक्टर लुडविग यांनी वर्णन केलेला. यात माणूस पू होऊन मरत नाही, श्वास बंद होऊन मरतो. शुगरवाल्यांना जास्त धोका. असा पेशंट ओपीडीच्या रांगेत बसवायचा नसतो, १०८ ला फोन करून सरळ कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, न्यायचा, झोपवून नाही, बसवून.

गाडीवरून पडून चेहरा फुटलेल्याचंही पहिलं ठिकाण कॅज्युअल्टीच, आधी श्वास, डोकं आणि मान बघतात, जबड्याला वायर किंवा प्लेट नंतर. दात पहिल्यासारखे एकमेकांवर बसत नसतील तर जबडा तुटलाय असंच धरून चालायचं. निखळलेला पक्का दात मुळाला हात न लावता उचलायचा, दुधात टाकायचा आणि तासाभरात डेंटलला पोचायचं. लहान मूल हनुवटीवर पडलं, टाके घातले आणि घरी पाठवलं, असं होऊ नये, कानापुढच्या सांध्याचा एक्सरे हवाच. तो सांधा आत तुटून जुळून बसला तर दोन-चार वर्षांत तोंड उघडणं बंद होतं, हनुवटी वाढत नाही आणि मूल रात्री घोरायला लागतं.

चेहरा एका बाजूला वाकडा झाला की लोक "वारं लागलं" म्हणून मालिश करतात. कपाळाला आठ्या पडत असतील आणि फक्त तोंडच वाकडं असेल तर तो मेंदूचा झटका असू शकतो, तिथं तासांचा हिशोब असतो. कपाळही हलत नसेल तर बहुतेक बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा, त्याची गोळी ७२ तासांत सुरू झाली तर फायदा होतो आणि उघडा राहणारा डोळा जपावा लागतो. हा फरक डॉक्टरनं करायचा, घरी नाही, म्हणून दोन्हीत लगेच निघायचं. वीज चमकल्यासारखी गालात कळ येते आणि दात काढले तरी जात नाही, तर ती ट्रायजेमिनल नस, आणि ते काम न्यूरोचं.

२०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, खूप पेशंट नागपुरात आले, कित्येकांचं पहिलं लक्षण वरचे दात हलणं हेच होतं. ज्यांचा वरचा जबडा काढावा लागला त्यांचं पाणी नाकातून यायचं, बोललेलं कळायचं नाही, आणि डेंटलच्या कवळी विभागात ऑब्च्युरेटर नावाची टाळू झाकणारी पट्टी बसली की माणूस परत घरच्यांसोबत जेवायला बसू शकतो. त्या पट्टीसाठी विचारायचं असतं, हे कित्येकांना माहीतच नसतं.

कागद

चांगल्या रेफरच्या चिठ्ठीत काय झालंय, कधीपासून, केवढं, कोणती बाजू, खर्रा-तंबाखू किती वर्षं, शुगर-बीपी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि आतापर्यंत काय केलं एवढं असलं की पुढच्या डॉक्टरचा अर्धा दिवस वाचतो. बायोप्सी झाली असेल तर नुसता रिपोर्ट घेऊन जाऊ नये, लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्यावा, दुसऱ्या दवाखान्यात तो परत तपासतात आणि ब्लॉक नसला की विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईपर्यंत गेलेला माणूसही परत पाठवला जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्राच्या काउंटरवर जायचं, मंजुरी आधी लागते, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. फाटलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मलेल्या बाळाला शाळा-अंगणवाडी तपासणीच्या कार्यक्रमातून जिल्हा केंद्रात पाठवतात, ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या महिन्यापासून, टाळूचं नवव्या ते अठराव्या महिन्याच्या दरम्यान.

ऑपरेशन झालं म्हणजे चकरा संपल्या असं नाही. कॅन्सरच्या पेशंटला पहिल्या वर्षात दर एक ते तीन महिन्यांनी बोलावतात, आणि गडचिरोलीहून येणाऱ्याचा त्यात मजुरीचा दिवस बुडतो, एसटीचं भाडं जातं, म्हणून तारीख देतानाच बाजाराचा दिवस आणि पेरणी विचारून द्यायला हवी. तोंड उघडायचा व्यायाम तर घरीच करायचा असतो, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, जमेल तशी एक-एक काडी वाढवायची, निदान सहा महिने, दिवसातून पाच-सहा वेळा. पुढच्या तारखेला येताना काड्यांचा तोच गठ्ठा सोबत आणायचा, डॉक्टर त्या मोजतात.