तपकिरी थर वाळूमुळे येत नाही
नवीन फिश टँकच्या काचेवर तपकिरी थर दिसला की लगेच सांगतात, सिलिका सँड टाकलीस ना, काढ ती! आणि लोक बिचारे नीट बसलेला टँक उपसतात, माशांचे हाल होतात, खरंच वाईट वाटतं. अहो सिलिका सँड म्हणजे क्वार्ट्झ, ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. तो थर डायटमचा, म्हणजे अगदी बारीक शेवाळाचा, त्यांना कवचासाठी विरघळलेलं सिलिकेट लागतं आणि ते येतं भरायच्या पाण्यातूनच, आपल्याकडे तर बेसाल्ट खडक, बोअरच्या पाण्यात ते असतंच. त्यांना वाढायला लागणारं फॉस्फेट मात्र बरंचसं जास्तीच्या खाण्यातून. गोड्या पाण्यात थर बहुतेकदा काही आठवड्यांत जातो, तोवर पुसत राहा. रीफ टँकला, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांच्या टँकला, आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेलं) पाणीच वापरा, जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषायला फिल्टरमध्ये टाकतात ते लोह-ऑक्साइडचे दाणे, फॉस्फेटसोबत सिलिकेटही ओढतं, त्यामुळे साधं नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलं तर ते लवकर संपतं.