यम-नियम (योगशास्त्र)

यम आणि नियम ही पतंजलींच्या अष्टांगयोगातली पहिली दोन अंगं. अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह (वस्तूंचा साठा न करणं) हे पाच यम, तर शौच (शुद्धता), संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान (सगळं ईश्वराला अर्पण करणं) हे पाच नियम. ढोबळमानाने सांगायचं तर यम म्हणजे दुसऱ्यांशी वागताना स्वतःला घालायचा आवर आणि नियम म्हणजे आपलं आपण रोज करायचं काहीतरी. आसन आणि प्राणायाम ही अंगं यम-नियमांच्या नंतर येतात. पतंजलींच्या योगसूत्रांच्या साधनपादात, म्हणजे दुसऱ्या भागात, यम-नियमांवर १६ सूत्रं आहेत (२.३० ते २.४५) आणि आसनावर फक्त ३, एवढ्यावरूनच पतंजलींचा जोर कुठे होता ते कळतं. आज बहुतेक योगा क्लासमध्ये याच्या बरोबर उलटं चालतं, यम-नियमांचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, पहिल्या दिवशी सर किंवा मॅडम तो वाचून दाखवतात आणि मग सर्टिफिकेट कोर्सची लेखी परीक्षा येईपर्यंत त्याच्याकडे कुणी बघतही नाही.

ही पाच यमांची यादी पतंजलींनीच पहिल्यांदा केली असं मात्र नाही. जैन साधूंची पाच महाव्रतं म्हणजे नेमकी हीच पाच, आणि बौद्धांच्या पंचशीलातली चार शीलंही जवळपास हीच, पाचवं मात्र नशा न करण्याचं. म्हणजे घरदार सोडून साधना करणाऱ्या वेगवेगळ्या पंथांच्या लोकांमध्ये ही समज आधीपासून होती की ज्याचं वागणं धड नाही त्याचं ध्यान लागणार नाही. सूत्रांवरच्या व्यासभाष्यात यामागची व्यवस्थाही लावून दिलीय, अहिंसा हे मूळ आणि बाकीचे यम-नियम तिलाच जास्त निर्मळ करण्यासाठी.

खरा कस लागतो तो २.३१ या सूत्रात. ते म्हणतं की हे यम जाती (इथे प्राण्याची जात), देश, काल आणि समय यांनी मर्यादित झालेले नसले, सगळ्या परिस्थितीत पाळले गेले, तरच ते महाव्रत. भाष्यकार इथे थेट उदाहरणं देतात आणि ती वाचण्यासारखी आहेत. मासेमारी करणारा म्हणतो मी माशांशिवाय कुणालाच मारत नाही, ही झाली जातीने मर्यादित अहिंसा. कुणी म्हणतो तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही, ही देशाने मर्यादित. चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी मारणार नाही, ही कालाने. आणि देवा-ब्राह्मणांसाठीच मारेन, एरवी नाही, किंवा क्षत्रियाने म्हणायचं की फक्त युद्धातच, ही समयाने, म्हणजे ठरवून घेतलेल्या अटीने. आता आपल्या घरातला हिशोब बघा, श्रावणात नाही, सोमवारी-गुरुवारी नाही, एकादशीला नाही, गणपती बसलेत तोवर नाही. हे वाईट आहे असं भाष्य म्हणत नाही, तेवढी अहिंसा झालीच की, पण त्याला महाव्रत म्हणता येत नाही. मला वाटतं सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे, कारण सवलत ठेवून चांगलं वागणं बहुतेक सगळ्यांना जमतं आणि पतंजली विचारतात ते त्या सवलतीबद्दलच.

त्याच्या थोडं पुढची दोन सूत्रं (२.३३, २.३४) तितकीच कडक आहेत पण कामाचीही आहेत. मनात हिंसेचा, खोटेपणाचा विचार उसळला तर काय करायचं, तर प्रतिपक्षभावन, म्हणजे त्याच्या उलट बाजूचा विचार मुद्दाम मनात आणायचा. कसा, तर या वाटेला गेलो तर दुःख आणि अज्ञान याशिवाय काही हाती लागणार नाही असा. भाष्य तर आणखी रोखठोक बोलतं, संसाराच्या आगीत भाजून निघाल्यावर मी योगाला शरण आलो आणि आता टाकलेलंच परत उचलू लागलो तर ओकलेलं चाटणाऱ्या कुत्र्यात आणि माझ्यात फरक काय. पुढे हिंसेची फोड करून दाखवलीय. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती मान्यता दिलेली असे तीन प्रकार. त्यातला प्रत्येक पुन्हा लोभाने, क्रोधाने किंवा मोहाने झालेला, म्हणजे ९. लोभाने म्हणजे मांस-कातड्यासाठी, क्रोधाने म्हणजे याने माझं वाईट केलं म्हणून, आणि मोहाने म्हणजे काय तर यातून मला पुण्य मिळेल म्हणून! त्यातही सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या धरून २७, आणि त्यांच्याही पुन्हा तीन-तीन पायऱ्या लावून ८१. हाच हिशोब असत्यालाही लागू, चोरीलाही. मान्यता देणाऱ्याला यातून सुटका नाही हे महत्त्वाचं, एखाद्याला मारहाण झाल्याचा व्हिडिओ ग्रुपवर येतो आणि आपण खाली "बरं झालं, पाहिजेच होतं" टाकून मोकळे होतो, ती या फोडीप्रमाणे आपल्याच खात्यावरची हिंसा.

बाकीच्या यमांपैकी सत्य हे नुसतं खरं बोलण्यापुरतं नाही, ज्या खऱ्या बोलण्याने प्राण्यांचा घात होईल ते सत्य न ठरता पापच ठरतं असं व्यास सांगतात, म्हणून आधी तपासून सगळ्यांच्या हिताचं असेल तेच खरं बोलावं. अस्तेयात दुसऱ्याच्या वस्तूची मनात हावही नको. ब्रह्मचर्य म्हणजे जननेंद्रियाचा संयम, पण योगयाज्ञवल्क्य या ग्रंथात गृहस्थाने स्वतःच्या पत्नीशी नियमाने ठेवलेला संबंध हेही ब्रह्मचर्यच धरलंय, त्यामुळे संसारी माणसाला हा यम बंद आहे हा समज बरोबर नाही. अपरिग्रहाची कारणं फार व्यवहारी आहेत, वस्तू मिळवण्याचा त्रास, सांभाळण्याचा त्रास, ती गेल्याचा त्रास, तिच्यात जीव अडकणं आणि तिच्यापायी घडणारी हिंसा.

नियमांपैकी शेवटचे तीन, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान, यांनाच पतंजली २.१ मध्ये क्रियायोग म्हणतात. तप म्हणजे भूक-तहान, थंडी-ऊन सोसणं. स्वाध्याय म्हणजे मोक्षशास्त्रांचा अभ्यास किंवा ओंकाराचा जप. संतोष म्हणजे हाताशी आहे त्यापेक्षा जास्तीची इच्छा न धरणं. यात घोळ झाला तो शौचात. शौच दोन प्रकारचं, माती-पाण्याने आणि शुद्ध अन्नाने होणारं बाहेरचं आणि मनातला मळ घालवणारं आतलं, पण आपल्याकडे बाहेरचं तेवढं उचललं गेलं आणि त्याचं सोवळं-ओवळं झालं, आणि पुढे माणसानेच माणसाला शिवायचं नाही इथपर्यंत मजल गेली. मनुस्मृतीत (४.२०४) म्हटलंय की यमांचं पालन सतत करावं, नियमांचं नेहमीच केलं पाहिजे असं नाही, आणि यम सोडून नुसते नियम पाळणारा पतित होतो. त्याच ग्रंथात चांडाळाला शिवल्यावर अंघोळ करायलाही सांगितलंय, म्हणजे हा क्रम लिहून ठेवणाऱ्यांच्याच हातून तो सुटला. पैठणची एकनाथांची कथा घराघरात सांगितली जाते, गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात अस्पृश्य मानलेल्या जातीतलं एक पोर रडत होतं आणि नाथांनी ते कडेवर उचलून त्याच्या घरी पोचवलं. आख्यायिका असेल, पण नियम मोडला आणि यम पाळला याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मराठीत मला तरी माहीत नाही.

याद्या सगळीकडे सारख्या नाहीत. हठयोगप्रदीपिका या ग्रंथाच्या प्रचलित पाठात दहा यम आणि दहा नियम येतात, त्यात क्षमा, धृती (धीर), दया, आर्जव (सरळपणा), मिताहार (बेताचं खाणं) अशी भर आहे. मिताहाराला तिथे फार मान, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून जेवावं असं सांगितलंय. भागवताच्या अकराव्या स्कंधात बारा-बारा आहेत. उलट मैत्री उपनिषदातला योग सहा अंगांचा आणि त्यात यम, नियम, आसन तिन्ही नाहीत, घेरंडसंहिता या हठयोगाच्या ग्रंथातल्या सात अंगांतही यम-नियम नाहीत. त्यामुळे "सगळ्या योगपरंपरा यमापासून सुरू होतात" असं सरसकट लिहिलेलं दिसतं ते चुकीचं आहे.

महाराष्ट्रात हा विचार सूत्रांपेक्षा ओव्या-अभंगांतून जास्त पोचला. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) तेराव्या अध्यायात गीतेतल्या "अहिंसा" या एका शब्दावर माउली कितीतरी ओव्या खर्च करतात आणि अहिंसक माणूस चालतो कसा ते दाखवतात, कमळातला केसर चुरगळेल म्हणून भुंगा हळुवार पाय ठेवतो तसा हा जमिनीवर पाय ठेवतो, कारण बारीकसारीक जीव मातीत असतील. वारकरी माळ घालताना मद्य-मांस सोडतो, एकादशी धरतो, परधन आणि परस्त्री वर्ज्य मानतो, म्हणजे बरेचसे यम आणि थोडे नियम एकदमच येतात, पतंजलींचं नावही न घेता. आधुनिक काळात मुंबईचं योगेंद्रजींचं द योग इन्स्टिट्यूट (१९१८), लोणावळ्याचं स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम (१९२४) आणि पुण्याची बी. के. एस. अय्यंगारांची संस्था (१९७५) यांनी योग सगळ्यांसाठी खुला केला.

राजकारणात यम उतरवले ते गांधीजींनी. त्यांच्या आश्रमाच्या अकरा व्रतांमध्ये पाचही यम आहेत, अपरिग्रहाला तिथे असंग्रह म्हणतात, आणि सोबत शरीरश्रम, अस्वाद (चवीसाठी न खाणं), निर्भयता, सर्वधर्मसमभाव, स्वदेशी आणि अस्पृश्यतेचा त्याग. १९३० साली पुण्याच्या येरवडा तुरुंगातून ते दर मंगळवारी आश्रमवासीयांना यातल्या एकेका व्रतावर पत्र लिहीत. स्वदेशीवर मात्र त्यांनी आतून लिहिलं नाही, तो विषय लिहायचा तर राजकारण येणार आणि कैद्याला त्यावर लिहायची बंदी होती म्हणून, ते प्रकरण त्यांनी सुटून आल्यावर लिहिलं.