थंडीत टिकणारे पाम: ते कळले कसे

थंड हवेच्या बागेत कुठला पाम लावू असं विचारलं की बहुतेक जण चुसान पामचं नाव घेतात, म्हणजे ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी. ते बरोबरच आहे, पण हा एवढा काटक आहे हे युरोपात कळायला वीसेक वर्षं गेली. जपानमध्ये डच वखारीवर डॉक्टर असलेल्या झीबोल्टने 1830 मध्ये याचं बी नेदरलँड्समधल्या लायडनला पाठवलं, 1836 पर्यंत लंडनच्या क्यू गार्डन्समध्येही रोप आलं होतं, पण पाम म्हणजे उष्ण प्रदेशातलं झाड असं डोक्यात पक्कं बसलेलं, मग काय, ठेवलं काचघरात.

मग आला झाडं गोळा करत फिरणारा स्कॉटिश माणूस रॉबर्ट फॉर्च्यून, तोच जो पुढे चीनमधून चहाची रोपं गुपचूप भारतात घेऊन आला. त्याला हा पाम चीनच्या किनाऱ्याजवळ चुसान बेटावर दिसला, आणि तिथले शेतकरी त्याच्या खोडावरचा काथ्या काढून दोर वळायचे, पावसासाठी इरलीसुद्धा करायचे, म्हणजे त्यांच्यासाठी ते शोभेचं झाड नव्हतंच मुळी. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो हे त्याने बघितलं होतं. त्याने पाठवलेली रोपं 1849 मध्ये इंग्लंडला पोचली, एक राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाऊसला गेलं, आणि क्यूमध्ये उघड्यावर लावलेल्याने तो हिवाळा काहीही न झाकता काढला. खरी सुरुवात तिथून. झाड तेच, फक्त काचघराबाहेर काढायचं धाडस कोणीतरी केलं!

तसं बघितलं तर युरोपचा स्वतःचा पाम होताच, भूमध्य समुद्राकाठचा कॅमेरॉप्स. इटलीत पादुआच्या बागेत 1585 मध्ये लावलेला अजून जिवंत आहे, जर्मन कवी गटेने तो 1786 मध्ये पाहिला म्हणून त्याला गटेचा पाम म्हणतात. पण त्याला हिवाळी ओल चालत नाही. अमेरिकेतला नीडल पाम उणे 20 अंशापर्यंतही तग धरतो, सगळ्यात काटक म्हणतात तो हाच. मात्र त्याला वाढायला कडक उन्हाळा लागतो, उन्हाळा थंड असेल तर मरत नाही पण वाढतही नाही, वर्षानुवर्षं तेवढाच. नुसतं उणे किती अंश एवढंच बघून विकत घेणारे इथे हमखास फसतात.

हा आकड्यांचा नाद मुख्यतः अमेरिकन कृषी खात्याच्या झोन नकाशामुळे लागला, म्हणजे कुठे किती थंडी पडते त्यावरून भाग पाडलेला नकाशा, पहिला 1960 चा. त्यात वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीच्या तापमानाची अनेक वर्षांची सरासरी असते. थंडी एक रात्र होती की तीन आठवडे, माती ओली होती की कोरडी, वारा किती, यातलं काहीच त्यात नसतं. आणि पामला नेमकं तेच नडतं, कारण बहुतेक पामांच्या खोडाला वाढणारा कोंब एकच, तो शेंड्यात. पानं करपली तरी नवीन येतात, पण कोंबात पाणी साचून गोठलं, कुजलं, की ते खोड संपलं, आंब्यासारखी बाजूने फांदी फुटत नाही. वाऱ्याचंही तसंच, म्हणून वाऱ्याच्या जागेसाठी चुसान पामचाच जातभाई वॅग्नेरियानस घेतात, त्याची पानं छोटी आणि ताठ असल्याने चिंध्या होत नाहीत. हा जपानी बागांमधून आलेला.

आपल्याकडे कुमाऊंच्या डोंगरात ट्रॅकिकार्पस टाकिल आहे, बर्फात उभा राहणारा, ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1905 मध्ये त्याला नाव दिलं, पण त्याच्या नावाखाली बऱ्याचदा साधा फॉर्च्युनीच विकला जातो. आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे प्रसिद्ध टॉर्बे पाम तर पामच नाहीत, न्यूझीलंडची कॉर्डिलाइन आहेत ती.

आता उलटीच गोष्ट झालीये. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडच्या तिचिनो प्रांतात चुसान पाम बागेतून निसटून जंगलात पसरला, पक्षी बिया नेतात ना, म्हणून 1 सप्टेंबर 2024 पासून अख्ख्या स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. ज्याला कधी काचेआड जपलं, त्याचीच रोपटी आता जंगलातून उपटावी लागतायत.