कॅम्परमधली नकली टाइल: स्टिकर घ्यायचा की फोम?

ऑनलाइन 'थ्रीडी टाइल' शोधलं की दोन निराळ्या वस्तू एकाच रांगेत समोर येतात. फोटोत फरक कळत नाही: पांढऱ्या चकचकीत विटा, मध्ये राखाडी सांधे, कोपऱ्यात मनीप्लांट. दोन्हींच्या पाठीला गोंद, दोन्ही कागद सोलून चिकटवायच्या, दोन्हींवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं. प्रत्यक्षात एक असतो छापील विनाइलचा पातळ स्टिकर आणि दुसरी पॉलिथिलीन फोमची जाड, फुगीर शीट. घरात यातली कुठलीही लावली तरी फारसं अडत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या कॅम्परमध्ये, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीत, मात्र अडतं.

खरी टाइल का नको, हे आधी उरकून टाकू. ८ मिलीमीटर जाडीची टाइल एका चौरस मीटरला १५-१६ किलो भरते, चिकटवायचा मसाला वेगळा. शिवाय गाडीचा सांगाडा चालताना पिळतो. घराची भिंत हलत नाही म्हणून तिथले सांधे टिकतात. गाडीत ते पंढरपूरच्या एका फेरीतही तडकू शकतात.

माल हातात आला की नख पुरतं. फोमवर नख दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. कापलेल्या कडेला पांढरा स्पंज दिसतो. विनाइलवर नखाने फार तर ओरखडा उठतो, आणि कडेला जाडी अशी नसतेच. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात घेणार असाल तर नमुन्याचा तुकडा मागून एवढं बघाच. ऑनलाइन घेताना मापावरून अंदाज येतो: फोमच्या शीट बहुतेक ७० बाय ७७ सेंटीमीटरच्या असतात, स्टिकर ६० सेंटीमीटर रुंदीच्या गुंडाळीत किंवा सुट्या चौकोनी तुकड्यांत येतो. 'जाडी ५ मिलीमीटर' हे फोमच्या विटेच्या फुगवट्याचं माप. सांध्याच्या खाचेत शीट जेमतेम कागदी पुठ्ठ्याएवढी उरते, आणि ती फाटते तीही तिथेच.

दिसण्यात फोम पुढे आहे, हे मान्यच करावं लागेल. त्याच्या विटा खरोखर वर आलेल्या असतात, त्यामुळे खिडकीतून ऊन आलं की सांध्यात खरी सावली पडते. स्टिकरवरची सावली छापलेली. खिडकी उजवीकडे आणि छापील सावलीही उजवीकडे, असं झालं की डोळा लगेच अडखळतो. म्हणून स्टिकर घ्यायचाच तर छापील उठावाच्या भानगडीत पडू नका. सपाट रंगाचे छोटे चौकोन किंवा साधी मोझॅकची नक्षी घ्या. ती उठावाचं सोंग करत नाही, म्हणून खोटी वाटत नाही. संगमरवराच्या मोठ्या शिरा गाडीत नकोतच. दोन हातांच्या भिंतीवर तीच शीर तीनदा दिसली की सगळा डाव उघडा पडतो.

आता उन्हाकडे येऊ, कारण खरा निकाल तिथे लागतो. बाहेर पारा ४० च्या पुढे असताना बंद गाडीतली हवा ५५-६० अंशांपर्यंत सहज जाते, आणि पत्रा त्याहून तापतो. एवढ्यात विनाइल वितळत नाही, पण त्यामागचा गोंद मऊ पडतो. वरून शीट किंचित आकसते आणि कडा वळायला लागतात. सुरुवात नेहमी कोपऱ्यातून होते: आधी टोक उचलतं, मग त्याखाली धूळ जाते, आणि धूळ गेली की ते टोक पुन्हा चिकटत नाही. उपाय साधा आहे. प्रत्येक तुकड्याचे चारही कोपरे कात्रीने थोडे गोल करा आणि मोकळ्या कडांवर ॲल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची एल पट्टी (इंग्रजी एल अक्षरासारखी काटकोनी) मारा. फोमची तऱ्हा वेगळी. तो जाड असल्यामुळे वळवला तरी पुन्हा सरळ व्हायला बघतो. गाडीच्या वळलेल्या बाजूवर लावला तर गरम गोंद सुटून अख्खी शीट पोट काढते. सपाट प्लायवर तो बरा टिकतो.

'फोम लावा, गाडी थंड राहील' हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य. तीन-चार मिलीमीटर फोमने पत्र्याला हात लावल्यावर बसणारा चटका कमी होतो, एवढंच. गाडी थंड ठेवायला आतल्या पोकळीत इंचभर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, लागतं. उलट उघड्या पत्र्यावर फोम लावला तर एक नवीनच दुखणं: स्वयंपाकाची वाफ फटींतून मागे जाते, थंडीच्या रात्री पत्र्यावर पाणी धरतं, आणि मागच्या मागे काळी बुरशी वाढते. बाहेरून सगळं छान दिसत असतं.

ओट्यामागची भिंत हा आपल्याकडचा खरा प्रश्न. फोडणीचे शिंतोडे, शेंगाचटणीचं तेल, हळद. फोमच्या खाचा हे सगळं गोळा करतात, आणि घासायला गेलं की स्पंज दबतो. विनाइल ओल्या फडक्याने, साबणाच्या दोन थेंबांनी पुसून निघतं. हळदीचा पिवळेपणा दोन्हींवर राहतो, पण तो उन्हात आपोआप फिका होत जातो. तेवढ्यासाठी तरी आपल्या उन्हाचे आभार. सिंकच्या बाजूला बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके पडतात. तेही सपाट पृष्ठावरून निघतात, खाचेतून निघत नाहीत. त्यामुळे स्वयंपाकाच्या बाजूला मी स्टिकरच म्हणेन, आणि फोम ठेवेन पलंगाच्या उशाकडे. तिथे गाडी खड्ड्यात गेली की डोकं आपटतं, प्लायचे स्क्रू आणि उंचसखल सांधे झाकायचे असतात, आणि तेल उडत नाही.

शेगडीच्या अगदी मागे मात्र दोन्ही नकोत. पॉलिथिलीन साधारण ११० अंशांना वितळतं आणि पेटलं की जळते थेंब गाळतं. स्टिकरचं विनाइल म्हणजे पीव्हीसी; ते सहज पेट घेत नाही, पण जळताना घशाला झोंबणारा आम्लाचा धूर सोडतं, आणि कॅम्परमध्ये तो धूर जाणार कुठे? तिथे स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा, मागे थोडी फट ठेवून. टाइलची नक्षी पत्र्याच्या कडेपासून सुरू करा. शेगडी दार उघडून बाहेर मांडणाऱ्यांनाही मी हेच सांगेन, कारण पावसात ती आत येतेच.

लावण्याआधीची तयारी दोन्हींना सारखीच. कोऱ्या प्लायवर गोंद भुशाला चिकटतो, लाकडाला नाही. आधी घासून प्रायमर किंवा सीलर मारा. ताज्या ऑइलपेंटवर घाई केली तर खालून वायू सुटून फुगे येतात. निदान आठवडाभर थांबा. सनमायका असेल तर नशीब, नुसता चिकटपणा पुसला की झालं. काम सकाळी गाडी सावलीत असताना करा. दुपारी तापलेल्या पत्र्यावर गोंद एवढा घट्ट धरतो की वाकडा बसलेला तुकडा उचलताच येत नाही.

मापात एक खोच आहे. आपला सुतार ओट्यामागची फळी दोन फूट उंच करतो, म्हणजे ६१ सेंटीमीटर. स्टिकरची गुंडाळी ६० ची. वर एक सेंटीमीटर उघडं राहतं. त्यासाठी दुसरी गुंडाळी फोडू नका, खालून चिकटवत जा आणि वरची फट एल पट्टीत लपवा. खालच्या कडेला, ओट्याला लागून, सिलिकॉनची बारीक रेघ. चार फूट लांबीच्या अशा भिंतीला दोन मीटरची एक गुंडाळी पुरून उरते. फोमच्या मात्र दोन शीट लागतात.

यांहूनही स्वस्त म्हणजे प्लायवर आधी सांध्याचा राखाडी रंग, वाळल्यावर त्यावर मास्किंग टेपने चौकोन आखून वरून पांढरा रंग, आणि तो ओला असतानाच टेप काढायची. उन्हाची भीती नाही, गोंदाची कटकट नाही. फक्त हात स्थिर हवा आणि दोन दिवस सवड हवी.

पुढे कधी कंटाळा आला तर स्टिकर हेअर ड्रायरने कोमट करून एका कोपऱ्यातून सावकाश ओढला की बहुतेक अख्खा निघतो. फोमचा वरचा थर हातात येतो आणि स्पंज भिंतीवरच राहतो. मग पत्ती आणि टर्पेंटाइन घेऊन बसायचं. गाडी भाड्याची किंवा पुढे विकायची असेल, तर एवढ्या एका कारणासाठीही मी फोम टाळेन.